ए-० आणि फोरट्रान

कंपायलरच्या, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांत बदलणाऱ्या प्रोग्रामच्या, सुरुवातीविषयीच्या एका लेखात संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या १९५२ च्या ए-० प्रणालीला पहिला कंपायलर म्हटले आहे आणि आयबीएमच्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेची मात्र एका ओळीत बोळवण केली आहे. हॉपर यांचे श्रेय मोठेच आहे. पण ए-० ही क्रमांकाने मागवलेली तयार सबरूटीन (ठरावीक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे) चुंबकीय फितीवरून उचलून एकत्र जोडत असे, म्हणजे तिचे काम आजच्या लिंकर-लोडरच्या (तयार तुकडे जोडून यंत्राच्या स्मृतीत चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) अधिक जवळचे होते. बीजगणिती सूत्रावरून यंत्राने स्वतः आज्ञा तयार कराव्यात, हे लॅनिंग आणि झिअरलर यांनी एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रावर करून दाखवले.

खरी अडचण वेगाची होती. यंत्राचा वेळ अतिशय महाग असल्याने हाताने लिहिलेल्या प्रोग्रामहून फार मंद चालणारा प्रोग्राम कोणी स्वीकारणार नाही, हे फोरट्रान घडवणाऱ्या आयबीएममधील जॉन बॅकस यांच्या गटाने पुरते ओळखले होते. आयबीएम ७०४ या संगणकात इंडेक्स रजिस्टर (स्मृतीतील पत्ते मोजण्यासाठीच्या छोट्या जलद जागा) अवघी तीन. त्यांची वाटणी नीट व्हावी म्हणून लोइस हेब्ट यांनी लिहिलेला कंपायलरचा भाग प्रोग्रामचा कोणता हिस्सा किती वेळा चालेल याचा आधीच अंदाज बांधत असे आणि त्यावरून शेल्डन बेस्ट यांचा भाग रजिस्टर नेमून देत असे. १९५७ साली ग्राहकांच्या हाती पडलेल्या फोरट्रान कंपायलरमध्ये हे सारे होते, आणि माझ्या मते लेखाचा निम्मा भाग यावरच खर्चायला हवा होता.