'जरा वाचावं' म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या आठवड्यात मी मलिदा (आमच्याकडचं गोड पोह्यांचं ताट) आणि मझाल (नशीब या अर्थाचा हिब्रू शब्द, त्यावरूनच 'मझाल तोव', म्हणजे अभिनंदन) यांवर लिहिलं, त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली : "'मझाल तोव'ला शुभेच्छा आणि मलिद्याला नवस म्हणून तुम्ही ज्यू धर्माचं हिंदूकरण करताय. ताल्मुदात स्पष्ट आहे, इस्राएलला मझाल नाही. ज्यूंची बेराखा ही देवाची स्तुती असते, नशिबाची मागणी नव्हे. लिहिण्याआधी जरा वाचावं ही विनंती."

(ताल्मुद म्हणजे ज्यू रब्बींच्या, धर्मपंडितांच्या, चर्चांचा ग्रंथ; बेराखा म्हणजे देवाला धन्य म्हणणारी छोटी प्रार्थना.)

नमस्कार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय.

तुमचं बरोबर आहे ते आधी सांगते. परीक्षेला निघालेल्या मुलाला मझाल तोव म्हणत नाहीत, 'बेहत्स्लाखा', म्हणजे यश मिळो, म्हणतात. मझाल तोव निकाल लागल्यावर, किंवा लग्नात नवऱ्यामुलाने ग्लास फोडल्यावर. गरोदर बाईलाही मझाल तोव नाही. तिला 'बेशाआ तोवा', म्हणजे शुभ घडीला होऊ दे, एवढंच. माझं परीक्षेचं उदाहरण चुकलं होतं. बदललंय. झालं?

आता 'जरा वाचावं ही विनंती'. यातला 'विनंती' मला फारच आवडला. आमच्या सोसायटीत जिन्यात चपला ठेवू नयेत म्हणून पाटी लावलीय, तिच्यावरही विनंतीच आहे. अहो, चूक दाखवायची तर दाखवा ना, मी काही पहिल्यांदा चुकत नाही. पण समोरच्याने काही वाचलेलंच नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी मराठीत लिहिते म्हणून? की लेखात आजी आली म्हणून?

तर ऐकाच. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. पणजोबांपर्यंत आमच्याकडे तेलाचा घाणा होता आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, बैल सोडलेला असायचा. गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आजीला हिब्रू वाचता येत नव्हतं, तरी शेमा, आमची मुख्य प्रार्थना, तोंडपाठ. माझे वडील लहानपणी टायफॉइडने अंथरुणाला खिळले तेव्हा ती एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलियाहू या प्रेषिताला, बोलली, पोरगा उठला तर खंडाळ्याला येऊन मलिदा करीन. (घाटातलं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं. तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आमच्यात मानतात.) वडील उठले. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, असं ताट घेऊन सगळे तिथे गेले आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हटलं. याला नवस नाही तर काय म्हणायचं? तुम्हीच शब्द सुचवा. आजी आज असती तर तिलाही हिंदूकरणाबद्दल विनंती केली असतीत का?

आणि वाचनच मोजायचं असेल तर मोजू. 'इस्राएलला मझाल नाही' हे ताल्मुदाच्या शब्बाथ नावाच्या भागात १५६व्या पानावर आहे, रब्बी योहानानचं. त्याच पानावर रब्बी हनिना म्हणतो, मझालच माणसाला शहाणं करतं, मझालच श्रीमंत करतं, आणि इस्राएललाही मझाल आहे. तुम्ही पान अर्धंच वाचलंत वाटतं. पुढे रब्बी अकिवाच्या मुलीची गोष्ट आहे. ज्योतिषांनी सांगितलेलं, लग्नाच्या दिवशी हिला साप चावणार. रात्री तिने केसांतला आकडा काढून भिंतीत खोचला, तो नेमका सापाच्या डोळ्यात गेला. बापाने विचारलं, आज काय केलंस? तर दारात भिकारी आला होता, सगळे जेवणात गुंग, तिने आपला वाटा त्याला दिला होता. पुण्याने भाकीत टळलं, म्हणजे ही गोष्ट योहानानच्या बाजूने जाते, मान्य. पण ज्योतिषी खोटे होते असं त्यातही म्हटलेलं नाही. ताल्मुदाच्याच मोएद कातान या भागात तर राबा हा पंडित सरळ सांगतो की आयुष्य, मुलंबाळं आणि पोट या तीन गोष्टी पुण्याईवर नाहीत, मझालवर आहेत. मझाल म्हणजे मुळात रास, नक्षत्र. सवय आहे म्हणून आपण त्याचं 'अभिनंदन' करून टाकलंय, एवढंच.

बेराखा ही स्तुती असते वगैरे मुद्द्यावर मी काही बोलत नाही. मीही साधारण तेच लिहिलं होतं, तुम्हाला ते दिसलं नसेल. दिवसाला शंभर बेराखा म्हणाव्यात असं आहे, त्या सगळ्या स्तुतीच्या आहेत की मागणीच्या, हे मोजायला मला सवड नाही.

हिंदूकरण या शब्दालाही उत्तर देणार नव्हते, पण एक सांगते. आमच्या मशिदीत (हो, जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची) प्रार्थना संपली की शेजारच्याचे हात हातात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावतात. तोंडाने काही बोलायचं नसतं. हे कोणाकडून आलं, याचाही निकाल तुम्ही लावालच.

शुक्रवारचे साडेपाच झालेत, शब्बाथचे दिवे लावायचेत. राहिलेलं तुम्ही वाचून घ्या. शब्बाथ शालोम, तुम्हालासुद्धा.