मानेला पट्टा बांधून मानदुखी जात नाही

सोलापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: "मानेचे मणके झिजले की मान हलवायची नाही. व्यायामाने नस दबते. पट्टा कायम लावा. अंगमेहनत करणाऱ्यांना तर व्यायामाची गरजच नाही."

आधी झिजेचं बघू. जपानमध्ये मानेचा काहीच त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले होते. २०१५ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा त्यातल्या जवळपास ८८ टक्के लोकांच्या मानेतल्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) फुगलेल्या निघाल्या. मग रिपोर्टात झीज दिसली म्हणून दुखणं तिचंच, हे कशावरून?

पट्टा डॉक्टरांनी सांगितला तर सांगितले तेवढेच दिवस. महिनोन्‌महिने लावला की स्नायू आणखी दुबळे होतात. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या, ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायकांचा वर्षभर अभ्यास झाला (२००३). मान-खांद्यांची ताकद वाढवणारे व्यायाम केलेल्यांना सर्वात जास्त आराम पडला. हात बधिर होणं, पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे जा.

अंगमेहनत करणाऱ्यांना व्यायाम नको, हे मेसेजमधलं शेवटचं वाक्य वाचून मला खरंच राग आला. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणारी बाई बघा. मांडीवर सूप, मान खाली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. बोटं पळत असतात आणि मान तासन्‌तास एकाच कोनात अडकलेली. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून मध्ये उठवत नाही. अशा कामाने स्नायू थकतात, ताकद वाढत नाही.

तिला बसल्या जागी जमेल असं सांगते. भिंतीला पाठ टेका, नजर समोर. मान वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे घ्या, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. मग खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणा. हे अंगवळणी पडलं की पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत सावकाश उचला. डेन्मार्कमध्ये हाच व्यायाम रबरी पट्ट्याने रोज फक्त २ मिनिटं करणाऱ्यांचंही दुखणं १० आठवड्यांत कमी झालं होतं (२०११).

सुरुवातीला थोडं ठणकेल. एक-दोन दिवसांत उतरलं तर चालू ठेवा. वाढतच गेलं तर बाटलीतलं पाणी कमी करा.