मीटरभराचा जिताडा सोडून द्या

रविवारी आम्ही चौघे गळ घेऊन वैतरणा नदीवर मासे धरायला गेलो होतो. विरारहून डहाणू लोकल, वैतरणा स्टेशन, पुढे ओळखीच्या दादांची होडी. जिचं पाणी मोडक सागर धरणातून मुंबईच्या नळांना येतं, तीच नदी इथे खाडी होते.

ओहोटी लागली की तिवरांमधल्या ओघळींतून कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर पडते, आणि जिताडा, म्हणजे खाडीतला मोठा शिकारी मासा, ओघळीच्या तोंडाशी दबा धरून बसतो. लुअर, म्हणजे गळाचं नकली आमिष, तिथे टाकायचा, दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. तो बहुतेकदा थांबल्यावरच घेतो. मित्राने तसंच केलं आणि रॉड वाकला. पंधरा मिनिटांनी जाळीत आला तेव्हा टेप लावली. ९८ सेंमी! मित्राने लगेच घरी फोन लावला, "आई, मसाला वाटून ठेव."

मी म्हटलं, सोड. तिथून वाद पेटला.

जिताडा सहसा नर म्हणून वाढतो आणि ६ ते ८ वर्षांचा झाला की मादी होतो. म्हणजे मीटरभराचा जिताडा जवळजवळ हमखास मादीच. पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरते आणि लाखो अंडी सोडते. आपण हौसेने फोटो काढून जी नेतो, ती नेमकी हीच.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी असाच ११ किलोचा घरी आणला होता. बाजारात मावशींनी कोयत्यावर पोट फाडलं आणि कोपरापर्यंत लांब गाबोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, दोन पिवळ्या लडी बाहेर आल्या. मावशी म्हणाल्या, "भरलेली होती रे. थोडे दिवस थांबला असतास तर मोकळी झाली असती." ती गाबोळी माझ्या घशाखाली उतरली नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये नदी-खाडीतला ५८ सेंमीहून लहान जिताडा तर ठेवता येत नाहीच, पण १२० सेंमीहून मोठाही नाही. आपल्याकडे २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं, फार चांगलं झालं. जिताड्याचं मात्र आपणच बघायला हवं. कोळी बांधवांना मी काही सांगत नाही, त्यांची चूल त्यावर पेटते. मी बोलतोय ते सुट्टीच्या दिवशी हौसेने गळ घेऊन निघणाऱ्या आपल्याशी. आणि सोडायचा तर नीट सोडा. हात ओले करा. जबड्याला धरून उभा लटकवू नका, पोटाखाली हात देऊन आडवा धरा. हुकच्या टोकाजवळचे उलटे काटे आधीच पक्कडीने दाबून ठेवा, म्हणजे मासा पटकन सुटतो.

शेवटी मित्राने तिला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं. कल्ले दोन-तीनदा उघडले-मिटले, शेपटीचा एक फटका बसला आणि गेली. विरार येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, "मीटरच्या आसपासचा सोडेन. पण सत्तरचा लागला तर नेणार."

ने की. मीही येतो जेवायला.