दिमोनातले वाल

पुण्याच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीचा विषय निघाला की तिसऱ्या-चौथ्या मेसेजला इस्रायल येतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आलं. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा आलं, आणि जूनअखेर तो मागे घेतला तेव्हा पुन्हा आलं. वाक्य ठरलेलं असतं: ‘ज्यूंनी दोन हजार वर्षं मेलेली भाषा उठवून उभी केली, आणि आपल्याला जिवंत मराठी सांभाळता येत नाही.’ खाली पाच-सहा अंगठे. मग कोणाला तरी आठवतं की आपल्यातला एक जण तिथेच राहतो. ‘काय रे, बरोबर ना?’

मी नेगेव्हच्या वाळवंटात, बेअरशेवाला सहा वर्षं आहे. पाण्यातले क्षार मोजणं हा माझा धंदा. भाषेतलं मला फारसं कळत नाही, पण बसने पाऊण तासावर दिमोना आहे आणि दिमोनात मावशी आहेत. त्यामुळे या प्रश्नाला नुसता अंगठा देता येत नाही.

मावशींची ओळख बसमध्येच झाली. फोनवर मी आईशी बोलत होतो. शेजारच्या बाईंनी फोन ठेवेपर्यंत कळ काढली आणि विचारलं, ‘कुठचा रे तू?’ पुण्याचा म्हटलं. ‘म्हणजे घाटी!’ बाहेर सगळं रेताड, उंटांचे कळप, पाट्या हिब्रूत आणि अरबीत, आणि मला कोणीतरी घाटी म्हणतंय. त्या दिवशी मी त्यांच्या थांब्यावर उतरलो आणि जेवूनच परतलो.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. आडनाव रायगड जिल्ह्यातल्या एका गावाचं, शेवटी ‘कर’ लावलेलं, जसं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. या लोकांची कथा आपल्याकडे निदान अलिबागच्या बाजूला तरी ठाऊक असते. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. वाचलेले कोकणातल्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ झाले. पोथ्या बुडाल्या, हिब्रू गेली. राहिलं ते शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही उपास आणि ‘शेमा’ची एवढीशी प्रार्थना. द्राक्षाची दारू मिळायची नाही म्हणून काळे मनुके भिजवून त्याचं सरबत केलं आणि त्यावर शब्बाथचा आशीर्वाद म्हटला.

म्हणजे बघा, या ज्यूंनी हिब्रू हरवली आणि तरी ते ज्यू राहिले. ग्रुपवरच्या वाक्यातली पहिली अडचण मला इथेच दिसते. भाषा गेली की माणसं संपतात असं आपण गृहीत धरतो. कोकणात हे लोक मराठीतून ज्यू होते, आणि उत्तम होते. १८७४ साली पुण्यात पेसाहच्या सणाची पोथी, हगादा, हिब्रूसोबत मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्याच काळात मुंबईत ज्यू कीर्तनं सुरू झाली. बायबलातले योसेफ आणि अब्राहाम मराठी पदांतून उभे राहिले. मुंबईत समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मांडवीत पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, त्याला हे लोक स्वतःच ‘जुनी मशीद’ म्हणायचे. पुण्यात ससूनांनी १८६७ मध्ये बांधलेल्या सिनेगॉगला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. आपण मशीद म्हटलं काय, देऊळ म्हटलं काय, कोणी मोर्चा काढला नाही.

इथे आमच्या ग्रुपवर हमखास दुसरं वाक्य येतं: ‘म्हणूनच भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही.’ हे बहुतांशी खरं आहे, आणि इथले म्हातारे बेने इस्रायली ते मला न विचारता सांगतात. मात्र यात आपली कर्तबगारी किती ते पाहावं. आपण त्यांना एका जातीच्या खणात ठेवलं आणि विसरलो. त्यांनीही गावाकडून शिकायचं ते शिकलं. ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन थर त्यांच्यात होते आणि बेटीव्यवहार नव्हता. मुंबईत डॉक्टर ई. मोझेस रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की हे मोझेस मुंबईचे महापौर होते आणि बेने इस्रायली होते? ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड चेऊलकर होते, म्हणजे चौलचे, हे मला स्वतःला दिमोनात कळलं. न छळणं ही चांगलीच गोष्ट आहे. ओळखणं ही वेगळी.

आता हिब्रूकडे येतो. पहिलं म्हणजे ती पुरती मेलेली कधीच नव्हती. प्रार्थना, पत्रव्यवहार, करारमदार, कविता यांत ती चालूच होती. घरातलं भांडण तेवढं तिच्यात होत नव्हतं. एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आला आणि त्याने ठरवलं की आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूशिवाय काही पडू द्यायचं नाही. पुढे येमेनचे, पोलंडचे, मोरोक्कोचे लोक एका गावात येऊन पडले, तेव्हा सगळ्यांना थोडीफार ठाऊक असलेली भाषा ही एकच होती. ती गरज मोठी होती. देशात आठ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा मराठी आहे. आपल्याला बोलायला माणूस मिळत नाही अशी काही आपली तक्रार नाही. आपली तक्रार अशी की नोकरी, कोर्ट, इंजिनिअरिंग आणि मुलांच्या शाळेचा दाखला यांत मराठी चालत नाही, आणि ती न चालवणाऱ्यांत आपणच पुढे असतो. त्या ग्रुपवरच्या एकोणीस जणांपैकी किती जणांची मुलं मराठी शाळेत आहेत हे मी एकदा विचारलं होतं. त्यावर कोणी काही लिहिलं नाही. मग कोणीतरी गुड मॉर्निंग टाकलं.

आणि गरजेबरोबर जबरदस्तीही होती. १९२३ मध्ये तेल अवीवच्या विद्यार्थ्यांनी भाषारक्षकांचं दल काढलं. ‘हिब्रू माणसा, हिब्रू बोल’ अशी पत्रकं भिंतींवर लावली, रस्त्यात यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची घरची भाषा, बोलणाऱ्यांना टोकलं, यिडिश सभा उधळल्या. राज्य झाल्यावर सुरुवातीच्या वर्षांत यिडिश नाटकांवर आणि वर्तमानपत्रांवर सरकारी बंधनं होती. दुकानदाराच्या कानाखाली आवाज काढून मराठी रुजते असं वाटणाऱ्यांना हा इतिहास आवडेल. त्यांनी तो पुढेही वाचावा. यिडिश, स्पेनमधून आलेल्या ज्यूंची लादिनो, इराकी आणि मोरोक्कन ज्यूंची अरबी, कोचीनवाल्यांची मल्याळम: हिब्रूखाली दबलेल्या भाषांची ही यादी आहे, आणि तिच्यात एक भाषा मराठी आहे.

मावशींचं कुटुंब १९६३ साली आलं. त्या अकरा वर्षांच्या होत्या. वडील लालबागच्या गिरणीतून उठले आणि दिमोनाच्या कापड गिरणीत लागले. शाळेतल्या बाईंनी त्यांच्या आईला बोलावून सांगितलं, घरी मराठी बंद करा, पोरगी मागे राहील. आईला हिब्रू येत नव्हती. त्यामुळे बरेच महिने घरात मुलांशी ती बोललीच नाही, असं मावशी सांगतात. खुणा करायची, ताट पुढे सरकवायची. आजी मात्र जुमानायची नाही. बायबलातल्या एलिया प्रेषिताला ती आयुष्यभर ‘एलियाहू हन्नाबी’च म्हणायची. शाळेत मुलांना ‘हनावी’ शिकवलं होतं, म्हणून नातवंडं तिला दुरुस्त करायची. ती म्हणायची, तो माझ्याकडे खांडाळ्याला घोड्यावरून आलाय, मला नको शिकवू. (अलिबागजवळ खांडाळ्याला खडकावर एलियाहूच्या घोड्याच्या टापेची खूण दाखवतात.)

त्याच सुमाराला दुसरंही घडत होतं. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फतवा काढला की बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आईआजीच्या पिढ्या तपासा, ते खरे ज्यू आहेत का बघा. कोकणात गावोगावच्या वस्त्यांत शनिवार पाळला त्याचा पुरावा कोणी कागदावर ठेवतं का? १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं, मावशींचे वडील गिरणीची रजा टाकून जाऊन बसले होते. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली आणि बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर झालं. फतवा गुंडाळला गेला.

हे सगळं ऐकून मी मावशींना म्हटलं, म्हणजे हिब्रूची सक्ती चुकीचीच होती. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘चुकीची कशी? मोरोक्कोवाली शेजारीण होती, रुमानियाची डॉक्टर होती. कोणत्या भाषेत बोलणार होते मी? मराठीत?’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘आईला तेवढं बोलू द्यायला पाहिजे होतं.’

मी त्यानंतर पुष्कळ दिवस या दोन वाक्यांचा ताळमेळ घालत होतो. नाही बसला. एक भाषा सगळ्यांची करायची तर कुठेतरी कोणाची आई गप्प बसते, आणि ती गप्प बसली नसती तरी हिब्रू वाढली असती असं माझं मत आहे. सिद्ध मात्र करता येणार नाही. मुंबईत एखादी भैयीण पोराशी घरी भोजपुरी बोलते तिच्याबद्दल माझे मित्र जे लिहितात, ते वाचताना मला दिमोनातली ती मुकी बाई दिसते. मराठी शाळेत, दुकानाच्या पाटीवर, सरकारी कागदावर असलीच पाहिजे. त्याबाबत मी माझ्या मित्रांपेक्षा कडवा आहे. घराच्या उंबऱ्याच्या आत आपल्याला काम नाही.

इथली मराठी आता म्हाताऱ्यांची आहे. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इथून निघतं, कवी नोहा मस्सील यांनी ते चिकाटीने चालवलं. महाराष्ट्र दिन साजरा होतो, त्यात लावणी होते, भाषणं निम्मी हिब्रूत होतात. नातवंडांना ‘बस’, ‘खा’ आणि दोन शिव्या येतात. पण मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि पाच फळं, मध्ये ताट ठेवून एलियाहूचं गाणं. नवं घर घेतलं की मलिदा, मुलगा सैन्यात चालला की मलिदा, परत आला की पुन्हा मलिदा. गेल्या दोन वर्षांत या घरात तो किती वेळा झाला ते मी मोजलं नाही. एकदा मध्येच हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि ताट घेऊनच सगळे पक्क्या खोलीत गेलो. मावशींचा नातू, ज्याला मराठीचं एक वाक्य धड येत नाही, पोहे सांडू नयेत म्हणून ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता.

२०२४ मध्ये अलिबागचं नाव बदलून शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींचं नाव द्यावं अशी मागणी झाली, तेव्हा मी ती बातमी मावशींना वाचून दाखवली. अलिबागचा तो बागवाला अली मुसलमान होता की एली नावाचा ज्यू होता, यावर दोन्ही बाजूंच्या कथा आहेत. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, ‘ठेवा काय ठेवायचं ते. आमची आडनावं काय आता बदलायची नाहीत.’ इथे पहिल्या पंतप्रधानाने, बेन गुरियनने, मोठमोठ्या अधिकाऱ्यांना हिब्रू आडनावं घ्यायला लावली, स्वतःचंही ग्रून बदललं. मावशींच्या वडिलांनाही गिरणीत कोणीतरी सुचवलं होतं. त्यांनी विचारलं, मग गावाचं काय करू?

पुढच्या महिन्यात मी पुण्याला येतोय. मावशींच्या घरात तिशा बेआवला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिवसाला, अजून ‘बिरड्याचा सण’ म्हणतात. मोड आलेल्या वालाचं बिरडं त्या दिवशी लागतंच. इथल्या दुकानात मिळतात ते वाल त्यांना पसंत नाहीत. फोनवर यादी सांगितली: आमसुलं अर्धा किलो, जाडे पोहे, आणि दोन किलो वाल. ‘कडवे आण. आणि पुण्यात घेऊ नकोस, पेणला उतर. घाट्यांना वालातलं काही कळत नाही.’