तीन वर्षांच्या मुलाची टाळी आणि मेट्रोनोमचा जाच

‘तिसऱ्या वर्षापर्यंत ठेक्यावर टाळी देता आली नाही, तर मुलाच्या मेंदूतील तालकेंद्र अशक्त असते आणि पुढे ते सुधारत नाही, म्हणून मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून रोज अर्धा तास मुलाचे हात धरून टाळ्या वाजवून घ्याव्यात,’ असा संदेश सध्या पालकांमध्ये फिरतो आहे. माझ्या बहिणीने आठवडाभर भाच्याकडून हा सराव करून घेतला आणि आता टाळीचे नाव काढले की तो हात पाठीमागे लपवतो, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी हा उपायच पाहू, कारण अपाय त्यातच आहे. अडीच-तीन वर्षांचे मूल आपल्या मनाने काही वाजवू लागले, की दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर असते. त्याला सेकंदभर थांबायला लावणे म्हणजे सुरू झालेली हालचाल रोखून धरायला सांगणे, आणि या वयात तेच फार अवघड जाते. शिवाय हात आईनेच हलवले, तर पुढचा ठोका केव्हा येणार याचा अंदाज बांधण्याचे काम मुलाच्या वाट्याला येतच नाही. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांनी कधी माणसाबरोबर, कधी ढोल वाजवणाऱ्या यंत्राबरोबर, तर कधी नुसत्या ध्वनिक्षेपकातील आवाजाबरोबर ढोल वाजवला. माणसाबरोबरची जुळणी सरस ठरली. अडीच वर्षांची मुलेही माणसाच्या सोबतीने स्वतःच्या नेहमीच्या लयीपेक्षा वेगळ्या लयीशी जुळवून घेऊ शकली. या संदेशाने मात्र साथ देणाऱ्या आईला पहारेकरी करून टाकले आहे.

‘तालकेंद्रा’वर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. असे एकच केंद्र मेंदूत नाही. श्रवणाचे आणि हालचालींचे अनेक भाग मिळून हे काम करतात. संशोधक इश्तवान विंकलर व सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या अर्भकांना ठेका ऐकवला, तेव्हा समेचा, म्हणजे आवर्तनातला पहिला, ठोका गाळताच मेंदूच्या विद्युत नोंदीत प्रतिसाद उमटला. कान इतक्या लवकर तयार असतात. हातांची अचूकता मात्र शालेय वयातही वाढत राहते, त्यामुळे तीन वर्षांची मुदत निराधार आहे.

लहानपणी कानावर काय पडते याला महत्त्व आहे, एवढे मान्य करावे लागते. चालणे, वस्तू पकडणे किंवा बोलणे यांतही अडचण दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. एकट्या टाळीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

बहिणीने मेट्रोनोम बंद केला आहे. काल भाच्याने डब्यावर ठोका धरला, तेव्हा तीच त्याच्या लयीत टाळ्या देऊ लागली.