आजी-आजोबांच्या केबिनविषयी: आपल्या अभिप्रायाला आमचे उत्तर

आदरणीय ग्राहक,

आपला एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. अलास्काच्या ज्या क्रूझ सहलीची आपल्या घरातल्या तिन्ही पिढ्या वाट पाहत होत्या, तिच्याविषयी आपल्याला एवढ्या कडवटपणे लिहावेसे वाटले याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते, आणि झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही आपली, विशेषतः आपल्या आई-वडिलांची, क्षमा मागतो.

आपले आक्षेप चार आहेत. स्वस्त सहलीच्या नावाखाली आम्ही आपल्या वृद्ध आई-वडिलांना 'जहाजाच्या तळाशी, बिनखिडकीच्या खोलीत कोंबले'; ग्लेशियर बे या अलास्कातल्या हिमनद्यांच्या उपसागरात जहाज गेले त्या दिवशी त्यांना काहीही दिसले नाही; कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराचा थांबा रात्रीचा देऊन आपली फसवणूक केली; आणि टिप व किनाऱ्यावरच्या सहलींचा खर्च वेगळा निघाला. शेवटच्या दोन गोष्टींचे उत्तर थोडक्यात देता येते. पहिल्या दोन मात्र आमच्या मनाला फार लागल्या आहेत, कारण या सबंध आखणीत आम्ही सर्वाधिक वेळ कशाला दिला असेल, तर तो आपल्या आई-वडिलांच्या केबिनला.

आपण प्रथम आलात तेव्हा आपल्या अटी स्पष्ट होत्या. नऊ माणसे, त्यांत दीड वर्षाचे एक बाळ आणि गुडघे दुखणारे वडील. आईंना मोटारीतसुद्धा मळमळते. निसर्ग भरपूर दिसावा, पण चालणे कमी असावे. आणि ठरवलेल्या रकमेच्या पुढे जायचे नाही. या अटींवर आम्ही अलास्काचा इनसाइड पॅसेज, म्हणजे किनारा आणि बेटे यांच्यामधला जलमार्ग, सुचवला. त्या मार्गाच्या समुद्राच्या बाजूला सुमारे ११०० बेटांचा अलेक्झांडर द्वीपसमूह असल्यामुळे बराच प्रवास आडोशाच्या शांत पाण्यातून होतो, आणि डोंगर, धबधबे व हिमनद्या जहाजावर बसूनच दिसतात. एकदा सामान लावले की ते पुन्हा बांधावे लागत नाही. आजोबा बाकावर, मुले खेळघरात आणि मधली पिढी डेकवर असे तिघांचे तीन वेग एकाच जागी सांभाळले जातात, म्हणूनच अनेक पिढ्यांच्या कुटुंबाला आम्ही अशी क्रूझ सुचवतो.

अमेरिकेतल्या सिअॅटलहून निघून सिअॅटललाच परतणाऱ्या सफरीत जाण्या-येण्याची विमाने एकाच शहराची राहतात, आणि नऊ तिकिटांवर हा फरक मोठा पडतो. परंतु तिथून निघालेले जहाज हुआन दि फुका सामुद्रधुनीतून बाहेर पडून सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जाते. साधारण एक दिवस लाटा लागू शकतात, हे आम्ही आपल्याला दरपत्रकासोबतच लिहून कळवले होते.

आता त्या केबिनविषयी. जहाज डोलते तेव्हा त्याची दोन टोके सर्वांत जास्त वरखाली होतात आणि वरचे मजले सर्वांत जास्त झुलतात. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. हे जहाजावर काम केलेला कोणीही सांगेल. ज्यांना मळमळते त्यांना तिथेच जागा द्यावी, एवढ्याच विचाराने आम्ही आपल्या आईंसाठी खालच्या मजल्यावरची, अगदी मधली, लिफ्टपासून थोड्याच पावलांवर असलेली केबिन निवडली. तो प्रवाशांच्या केबिनांचा सर्वांत खालचा मजला होता हे खरे, परंतु त्याच मजल्यावर समुद्राकडे खिडक्या असलेल्या केबिनही आहेत. 'तळाशी' या शब्दाने वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते तशी ती जागा नाही. त्याच भागात खिडकीची केबिन का मिळाली नाही, हे आपण विचारले असते तर सांगितले असते: पहिले दरपत्रक आम्ही जानेवारीत दिले तेव्हा ती होती, आणि आपला होकार मार्चअखेरीस आला तेव्हा खिडकीच्या केबिन फक्त जहाजाच्या नाकाशी, म्हणजे सर्वाधिक डोलणाऱ्या जागी, उरल्या होत्या. एकाच केबिनमध्ये तिसरी-चौथी खाट घेता येईल अशा जागाही तोपर्यंत कमी झाल्या होत्या. त्यांची संख्या फक्त खाटांवर ठरत नाही. जहाजाच्या त्या भागाला नेमून दिलेल्या जीवरक्षक नौकांत किती माणसे मावतात यावरही ती ठरते, त्यामुळे केबिन रिकामी दिसत असूनही चौथा माणूस घेता येत नाही. मोठ्या कुटुंबाने लवकर ठरवावे असा आग्रह आम्ही धरतो तो याचसाठी, आणि आपल्यापाशीही आम्ही तो वारंवार धरला होता.

आमच्या पहिल्या दरपत्रकात दोन बाल्कनी केबिन होत्या: एक आपल्या चौघांसाठी, एक आई-वडिलांसाठी. दुसरी बाल्कनी आपण काढायला सांगितलीत. तो निर्णय योग्यच होता आणि आम्ही त्याला दुजोराही दिला, कारण बाल्कनी आणि आतली, म्हणजे बिनखिडकीची, केबिन यांच्या भाड्यातल्या फरकात किनाऱ्यावरच्या दोन चांगल्या सहली बसत होत्या. मात्र त्या वेळी आपल्यात जे ठरले ते असे होते की आपली बाल्कनी दिवसभर सगळ्या कुटुंबासाठी उघडी राहील आणि आतल्या दोन केबिन केवळ झोपण्यापुरत्या असतील. कमी खर्चात अनेक पिढ्यांनी निसर्ग पाहण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे आणि अनेक कुटुंबे तो आनंदाने अवलंबतात. आपण स्वतःच अभिप्रायात लिहिले आहे की ग्लेशियर बेच्या सकाळी बाळ झोपले असल्याने आपल्या केबिनचे दार बंद होते आणि आई-बाबा नाश्त्यानंतर त्यांच्या खोलीत परत गेले. बाळाची झोप मोडू नये ही आईबापांची काळजी आम्हाला पूर्ण समजते. पण त्या बंद दाराचा दोष ज्याने केबिन निवडली त्याच्या माथी यावा, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी बाल्कनीची गरजही नव्हती. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे एका दिवसात मोठी क्रूझ जहाजे जास्तीत जास्त दोनच सोडली जातात, आणि ती बंदराला न लागता दिवसभर उपसागरातून हळूहळू जातात. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. १७९४ मध्ये युरोपीय दर्यावर्दी तिथे पोहोचले तेव्हा हा उपसागर जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेला होता. आज ज्या पाण्यावरून जहाज आत जाते ते सारे त्यानंतर बर्फ मागे हटून मोकळे झाले आहे. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबते आणि जागच्या जागी सावकाश फिरते, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना ती दिसावी. बाल्कनीतून एकच बाजू दिसते; दोन्ही किनारे एकदम पाहायचे तर वरच्या डेकवर किंवा पुढच्या काचेच्या दालनात बसावे लागते, आणि त्या दालनापर्यंत लिफ्ट जाते, तिथे ऊब असते, बसायला खुर्च्या असतात. प्रस्थानापूर्वी पाठवलेल्या पत्रकात आम्ही ही जागा आणि तिथे सकाळी लवकर जाऊन बसण्याची सूचना ठळक अक्षरांत दिली होती, आणि शेवटी एक ओळ केवळ आपल्या वडिलांसाठी लिहिली होती की त्यांनी डाव्या-उजव्या बाजूची चिंता करू नये. ती ओळ वाचली गेली नाही, याचे दुःख आम्हाला एका ताऱ्यापेक्षा जास्त आहे.

व्हिक्टोरियाबद्दल एवढेच, की तो थांबा आम्ही किंवा जहाज कंपनीने लहरीने ठरवलेला नसतो. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार, परदेशी नोंदणीचे जहाज अमेरिकी बंदरातून निघून पुन्हा त्याच बंदरात प्रवासी उतरवणार असेल, तर त्याला वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावेच लागते. बहुतेक क्रूझ जहाजांची नोंदणी अमेरिकेबाहेरची असल्यामुळे सिअॅटलच्या सफरींत कॅनडाचे एक बंदर येते, आणि परतीच्या वेळापत्रकामुळे ते बहुधा संध्याकाळी येते. कार्यक्रमपत्रिकेत वेळ छापलेली होती. टिप, पेये, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली भाड्यात नाहीत, हे दरपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे. तिसऱ्या-चौथ्या खाटेचे भाडे कमी असले तरी बंदरांचे कर माणशी लागतात, हेही तिथेच आहे. तरीही ही माहिती अधिक आधी आणि अधिक मोठ्या अक्षरांत देता येईल का, याचा आम्ही विचार करत आहोत.

पावसाचा उल्लेख आपण ओझरता केला आहे म्हणून लिहितो. अलास्कातल्या केचिकान बंदरात वर्षाला १५० इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि अलास्काच्या त्या आग्नेय पट्ट्यात मे महिना तुलनेने कोरडा, तर सप्टेंबर ओला. दोन्ही महिन्यांत भाडे उन्हाळ्याच्या मध्यापेक्षा कमी असते. आम्ही मे सुचवला होता, मुलांच्या परीक्षांमुळे आपण सप्टेंबर घेतलात. त्यात कोणाचाच दोष नाही.

अलास्कातल्या स्कॅगवे बंदराच्या डोंगरी रेल्वेबद्दल आपण दोन चांगले शब्द लिहिले आहेत, त्याबद्दल आभार. १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ती अरुंद रेल्वे सुमारे २० मैलांत जवळजवळ ३००० फूट चढते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला एक पाऊलही न चढता खिंडीचा माथा दाखवते. दुसरी बाल्कनी काढल्यावर वाचलेल्या पैशांतून ती सहल घ्यावी, ही सूचना आमचीच होती, आणि ती आपल्या वडिलांचा विचार करूनच केली होती. ज्या आखणीने त्यांना ती दरी दाखवली, त्याच आखणीने त्यांना ती केबिन दिली.

आमचे कार्यालय लहान आहे. जाहिरातीवर खर्च करण्याची आमची ऐपत नाही. एका कुटुंबाने दुसऱ्याला सांगितले म्हणून लोक येतात, आणि आता सांगण्याऐवजी लोक अभिप्राय वाचतात. पुढच्या मोसमाच्या चौकशा सुरू होण्याच्या तोंडावर 'म्हाताऱ्यांना तळाशी टाकणारे लोक' हे वाक्य आमच्या नावापुढे सर्वांत वर दिसते आहे. आमच्या सेवेत उणीव असेल तर ती अवश्य लिहावी, पण वृद्धांविषयी आम्ही बेपर्वा आहोत हा आरोप आम्ही गप्प राहून स्वीकारू शकत नाही.

अनेक पिढ्यांच्या गटांसाठी, रोज सकाळी कोणी कुठे बसावे हे सांगणारे एक साधे पान देण्याची सोय यापुढे करू. त्याचे स्वरूप लवकरच ठरेल. आपला सगळा पत्रव्यवहार, दोन्ही दरपत्रके आणि केबिनचा नकाशा आमच्याकडे जपून ठेवलेला आहे आणि आपण मागाल तेव्हा पाठवू. आपल्या आई-वडिलांशी दूरध्वनीवर बोलण्याची परवानगी दिलीत तर आम्हाला आनंद होईल. आणि हे सारे वाचल्यावर पटले, तर अभिप्रायात एवढी एकच ओळ जोडावी, अशी विनंती आहे: ती केबिन आईंच्या मळमळीसाठी निवडली होती. तारे किती ठेवायचे ते आपण ठरवावे.

आपले नम्र,
संचालक