मेणवलीच्या घाटावरून बीड दिसत नाही

पुण्या-मुंबईच्या जलरंगवाल्यांत एक वाद काही केल्या मिटत नाही. प्रवासाचं चित्र जागेवर बसूनच काढलं पाहिजे, घरी फोटोवरून काढलेलं ते कॅलेंडर, असं त्यातल्या कडव्यांचं म्हणणं. हल्ली त्याला एक शेपूटही जोडतात: परदेशात बसून गावाकडची चित्रं काढणाऱ्यांनी तर हा उद्योग थांबवावाच, त्यांचा आता गावाशी संबंध काय!

जागेवर बसण्याचे फायदे नाकारत नाही. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत सावल्यांची दिशा आणि लांबी दोन्ही बदलतात. म्हणून सावल्या पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने पक्क्या करायच्या आणि पुढे उन्हाने कितीही मोह घातला तरी हलवायच्या नाहीत. कोकणात पावसाळ्यात वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, वाळतच नाही, अर्धवट ओल्यावर दुसरा हात दिला की कडेला फुलकोबीसारखा डाग उमटतो. इथे न्यू जर्सीत जानेवारीत ब्रशवरच बर्फ होतो, लोक पाण्यात थोडी व्होडका घालतात. हे सगळं भोगलेल्या चित्रात एक ताजेपणा येतो, मान्य. पण त्यातून कळतं ते त्या दिवशी ऊन कसं होतं एवढंच. माणसं तिथून का गेली ते कळत नाही, कारण ‘का’ जागेवर दिसतच नाही.

जेकब लॉरेन्स या अमेरिकन चित्रकाराने 1940-41 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दक्षिणेकडून उत्तरेकडच्या स्थलांतरावर साठ चित्रं केली. आईवडील दक्षिणेतून आलेले, तो मात्र अटलांटिक सिटीत जन्मला, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढला. तोवर त्याने दक्षिण पाहिलेलीसुद्धा नव्हती. तो बसला हार्लेमच्याच 135व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात. आधी वाचन, मग प्रत्येक चित्राखालचं वाक्य, त्यानंतर रेखाटन. त्यामुळे त्याच्या मालिकेत कारणं आहेत: कापसाच्या बोंडातली सोंडकीड, पूर, मजूर न्यायला आलेले कारखान्यांचे दलाल, उत्तरेतल्या नातेवाइकांची पत्रं. झुंडीने फाशी दिल्याच्या चित्रात देह नाहीच. एक फांदी, रिकामा फास, खाली अंग आकसून बसलेली एक आकृती. जागेवरच्या आग्रहातून हे निघालं असतं असं मला कुणी पटवून द्यावं.

त्याची पद्धत तर आपल्याकडे सहज करता येण्यासारखी आहे. 12 बाय 18 इंचांचे हार्डबोर्ड, त्यावर गेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, पातळ हात. मागच्या बाजूलाही एक हात द्यावा, नाहीतर बोर्ड बाक धरतो. सगळ्या बोर्डांवर पेन्सिलीचं रेखाटन आधी पुरं करायचं, मगच रंगाला हात लावायचा. लॉरेन्स एक रंग घेऊन तो साठही चित्रांत जिथे जिथे हवा तिथे लावत जाई, मग दुसरा. सुरुवात काळ्या आणि बर्न्ट अंबर या गडद तपकिरीने, शेवट कॅडमियम नारिंगी-पिवळ्याने. त्यामुळे पहिल्या चित्रातला पिवळा आणि शेवटच्यातला पिवळा एकच राहतो, साठ चित्रं एका दमात वाचता येतात.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. काळा लागल्यावर रचना बदलायची हुक्की आली की संपलं. काळ्यावर पिवळा टाकला की तो हिरवट-मळकट दिसतो. पुढच्या रंगांची जागा कोरीच सोडावी लागते. दुसरं म्हणजे रंग कमी कालवणं. दहा बोर्ड म्हणजे 15 चौरस फूट, तेव्हा रंग झाकणाच्या बरणीत एकदाच भरपूर करायचा. लॉरेन्स वापरी केसीनचा रंग. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन, आपल्या उकाड्यात लवकर नासतं आणि जाड थर दिला की तडकतं. म्हणून कडक बोर्डच हवा, कॅनव्हास नको. पोस्टर कलर स्वस्त, पण वरचा हात देताना खालचा विरघळून वर येतो. चकाकी मारणारं मॅट मीडियम घातलेला अ‍ॅक्रिलिक बरा.

आता या रीतीने बीडच्या ऊसतोडीची मालिका कल्पून बघा. पहिलं चित्र उसाच्या फडाचं नको. मुकादमापुढे बसलेल्या जोडप्याचं हवं, हंगामाआधी उचल घेतानाचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तेव्हा चित्रात माणसं दोन आणि कोयता एकच. मग फडाजवळच्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, मग गावी राहिलेली म्हातारी माणसं. यातलं काहीही वाईजवळ कृष्णेकाठच्या मेणवलीच्या घाटावर बसून सापडणार नाही, आणि घाट तर दरवर्षी शेकडोंनी रंगवले जातात.

लॉरेन्सची सम क्रमांकांची चित्रं न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाकडे आहेत, विषम वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे. (शुक्रवारी संध्याकाळी मोमा फुकट असतं, पण न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना. आम्ही पाथ रेल्वेने आलेले न्यू जर्सीकर तिकीट काढतो.) त्याच मोमाच्या संग्रहात इटालियन चित्रकार उम्बेर्तो बोच्चोनीची 1911 मधली तीन चित्रं आहेत: स्टेशनवरचे निरोप, जाणारे आणि राहिलेले. पहिल्यात इंजिनाचा 6943 हा आकडा ठसठशीत. जाणाऱ्यांवर तिरक्या रेघांचा मारा, चेहरे चिरफाळलेले. राहिलेल्यांवर उभ्या, खाली ओढणाऱ्या हिरवट रेघा. बोच्चोनीने दोघांना वेगवेगळे कॅनव्हास दिले, पण मोजमाप जवळपास तेच.

‘तुमचा संबंध काय’ असं आम्हाला विचारणारे स्वतःला राहिलेल्यांत धरतात, मग खुशाल उभ्या रेघा काढाव्यात. त्यांनी त्या काढलेल्या दिसत नाहीत. आणि आम्ही? न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या प्रदर्शनांतही मेणवलीच लागते. 23-23 किलोच्या दोन बॅगा, व्हिसाची मुलाखत, मुलीच्या शाळेसाठी घेतलेलं घर, दर दोन वर्षांनी पुढे ढकललेलं परतणं, यातलं एकही चित्र मी कुणा मराठी माणसाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही, माझ्याही नाही. गेलो ते पैशासाठी, राहिलो ते सवयीने. घाट रंगवला की हे कुणाला सांगावं लागत नाही. फोटोवरून काढला, हा त्यातला सगळ्यात किरकोळ गुन्हा. तेवढाच तुम्ही पकडता, म्हणून चीड येते.